ध चा मा आणि डीकेआयएम

मराठी माणसाला ‘मेसेज इंटेग्रिटी’ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. ‘ध चा मा’ म्हटलं की काम झालं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’ लिहिलं होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, अशी ती गोष्ट. इतिहासकार म्हणतात की ह्या कथेला भक्कम पुरावा नाही. नसू दे. माझ्यासारख्या संगणकवाल्याला त्यात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. गोष्टीतली चिठ्ठी लिहिणारा खरा, आणणारा खरा, कागद खरा. मधे फक्त एक अक्षर बदललं. आणि सुमेरसिंग गारद्याकडे ते तपासायला काहीही साधन नव्हतं. (त्याला तपासायचं होतं का, हा प्रश्न अलाहिदा.)

गंमत म्हणजे ह्याच्या शंभर वर्षं आधी मराठी कारभारात ह्यावर चांगला उपाय होता. शिवकालीन पत्रं बघा. वर शिक्का असतो, आणि मजकूर संपला की तिथे खाली वेगळा छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब. पत्राची मर्यादा इथे संपली, ह्याच्या खाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नव्हे, असा त्याचा अर्थ. पत्र लांब असलं की कागदाला कागद चिकटवायचे, आणि मग मागच्या बाजूला जोडावर शिक्का, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घालता येऊ नये. हे ज्याने ठरवलं त्याला आज सिक्युरिटी टीममध्ये घ्यायला माझी काही हरकत नाही :-)

आता आपल्या ईमेलकडे या. (एके काळी मराठी जालावर ह्याला ‘विरोप’ म्हणायची टूम होती. मला आवडायचा तो शब्द. असो.) ईमेल पाठवायचा मूळ नियम १९८२ चा. त्यात ‘प्रेषक’ ह्या जागी तुम्ही जे लिहाल ते जातं. पोस्टकार्डावर ‘तुझा लाडका, पंतप्रधान’ लिहून टाकलं तर पोस्टमन विचारत नाही, तसंच. शिक्का नाही, मोर्तब नाही, काही नाही. त्या वेळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या, सगळे एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे चाललं. नंतर जग आलं, आणि जगाबरोबर जे यायचं ते सगळं आलं.

उपाय निघाला तो बराच उशिरा. याहूचं ‘डोमेनकीज’ आणि सिस्कोचं एक तसंच काहीतरी, दोन्ही एकत्र करून २००७ मध्ये डीकेआयएम नावाचं मानक आलं. २०११ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली आणि तीच थोड्याफार भरीसकट आज चालते. तुम्ही जीमेलवरून कुणालाही ‘ओके, नोटेड’ एवढं जरी पाठवलंत तरी गूगलचा सर्व्हर त्यावर अशी सही ठोकून देतो. आपल्याला ती दिसत नाही म्हणून आपल्याला ती माहीत नसते.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे. सर्व्हर मेलच्या मजकुराचा हॅश काढतो. हॅश म्हणजे मजकुराचं पीठ. किती का दळण असेना, पीठ ठरलेल्या मापाचंच निघतं, आणि ध चा मा केला तर पीठच्या पीठ बदलतं, एक कण जुळत नाही. हा हॅश, शिवाय प्रेषक, प्रति, विषय, तारीख वगैरे शीर्षकं, हे सगळं मिळून सर्व्हर स्वतःच्या गुप्त किल्लीने सही करतो. त्या किल्लीची जोडीदार, म्हणजे जाहीर किल्ली, कंपनी आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये उघड ठेवते. कुणीही जावं, ती किल्ली आणावी, सही ताडून पाहावी. जुळली तर दोन गोष्टी पक्क्या: हा मेल त्या डोमेनच्या किल्लीने सही झालाय, आणि सही झाल्यानंतर त्यात एक स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही (अगदी काटेकोर सांगायचं तर जास्तीच्या रिकाम्या जागा माफ असू शकतात).

एक पळवाट त्यात आहे, आणि ती वाचली तेव्हा मला मोर्तबच आठवलं. सहीमध्ये ‘एल’ नावाचा एक ऐच्छिक रकाना असतो. ‘मजकुराच्या पहिल्या इतक्या बाइट्सवरच माझी सही आहे’ असं त्यात सांगता येतं. म्हणजे त्याच्या खाली कुणी काहीही जोडा, सही तरी पास! मोर्तब नसलेलं पत्र. शहाणे लोक तो रकाना वापरत नाहीत.

किल्ली मजबूत हवी हेही ओघानं आलंच. २०११ च्या डिसेंबरातला किस्सा आहे. अमेरिकेतल्या झॅकरी हॅरिस नावाच्या गणितज्ञाला गूगलच्या रिक्रूटरचा मेल आला. ह्याला वाटलं, मला कशाला विचारतील, खोटा असणार. म्हणून सही तपासली तर किल्ली फक्त ५१२ बिटांची. त्याला वाटलं ही आपली परीक्षाच चाललीय! भाड्याच्या क्लाउडवर सुमारे ७५ डॉलर आणि ७२ तास खर्चून त्याने किल्ली फोडली, आणि ब्रिन आणि पेज ह्या दोन्ही मालकांना एकमेकांच्या नावाने मेल पाठवला. उत्तर काही आलं नाही. दोन दिवसांनी बघतो तर गूगलची किल्ली २०४८ बिटांची झालेली. परीक्षा वगैरे काही नव्हती, खरोखरच दुर्लक्ष झालं होतं.

हे सगळं मी पुस्तकी ज्ञान म्हणून बाळगून होतो. त्याचा उपयोग झाला तो शिरूर अनंतपाळमध्ये.

शिरूर अनंतपाळ म्हणजे लातूर जिल्ह्यातला छोटा तालुका, निलंगा, उदगीर, देवणीच्या अधेमधे. पुण्यातल्या लोकांना शिरूर म्हटलं की नगर रोडवरचं शिरूर आठवतं, मग दर वेळी ‘ते नाही, दुसरं’ म्हणावं लागतं. आमच्याकडे पीक म्हणजे सोयाबीन आणि तूर. माझा आत्तेभाऊ तिथे पंचवीस-तीस शेतकऱ्यांचा गट चालवतो. मोंढ्यात आडत्याकडे माल टाकण्यापेक्षा थेट प्रक्रिया करणाऱ्या कंपनीला द्यायचा, ट्रक भरून, असा त्यांचा प्रयत्न. २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांनी एका कंपनीला सहा ट्रक सोयाबीन दिलं. (कंपनीचं नाव घेत नाही. घेऊन काय करायचंय?) भाव क्विंटलला ४,२०० रुपये. भावावरून भांडण नव्हतंच. भांडण होतं ओलाव्यावरून. कंपनीच्या खरेदी विभागाचा मेल होता की १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालेल, त्याच्या वर जितके टक्के, तितकी वजनात कट्टी. माल भरला १२ च्या आसपास. बिल आलं तेव्हा प्रत्येक ट्रकवर दोन टक्के कट्टी मारलेली. विचारलं तर म्हणाले, ठरलं १० टक्के होतं, आणि सोबत पाच पानी मेलची प्रिंट पाठवून दिली. त्यात खरंच १० होतं.

एका ट्रकमध्ये २०० क्विंटल. दोन टक्के म्हणजे ४ क्विंटल, म्हणजे १६,८०० रुपये. सहा ट्रकांचे १,००,८००. हिंजवडीत बसून लाख रुपये हा आकडा आपल्याला फोन घेण्याएवढा वाटतो. पण ते पंचवीस घरांचे पैसे होते आणि त्या पंचवीस घरांनी दादाच्या शब्दावर मोंढा सोडला होता. त्याला पैशापेक्षा त्याचीच धास्ती होती.

दादाचा फोन आला. “अरे, माझ्याकडं बारा हाय की मेलात. अन् ते दहा म्हनूलालेत. मी म्हनलो, मोबाइलात दावतो, तर म्हनले तुम्ही कॉम्प्युटरवर कायबी करताल, तुमचा भाऊ आयटीतच हाय म्हनं. आता बोल!”

आता बोल! म्हणजे माझी डिग्रीच त्याच्याविरुद्ध पुरावा झाली होती.

पहिल्यांदा कंपनीचं कागद बघितलं, आणि इथे एक गोष्ट आहे जी रोज दहा-दहा तास मेलमध्ये काढणाऱ्या लोकांच्याही लक्षात येत नाही. ती प्रिंट म्हणजे एकच मेल होता. शेवटचा. त्याच्या खाली ‘अमुक तारखेला अमुक यांनी लिहिले’ करत आधीचे सगळे मेल अवतरणात आलेले. आपण ह्याला संभाषण म्हणतो, पण ते अवतरण हा साधा मजकूर असतो. रिप्लाय दाबल्यावर खालचं सगळं तुमच्या हाती असतं. पुसा, बदला, बारा चे दहा करा. पाठवा दाबलं की सर्व्हर त्या पूर्ण थप्पीवर इमानेइतबारे सही करतो, कारण त्याच्या दृष्टीने तो सगळा तुमचाच मजकूर. म्हणजे शेवटच्या मेलची सही अगदी पास होईल आणि आतला जुना मेल धादांत खोटा असू शकेल. संभाषण खरं का खोटं हे तपासायचं तर प्रत्येक मेल सुटा, मूळ स्वरूपात लागतो. जोडावर शिक्का म्हणतात तो हाच, आणि तो ईमेलमध्ये नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनीचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं. दादाच्या जीमेलमध्ये १२ दिसतंय एवढ्याने काही सिद्ध होत नाही. वेबवर आलेला मेल बदलता येत नाही हे खरं, पण आयमॅप नावाच्या जुन्या प्रोटोकॉलने आपल्याच खात्यात आपण बनवलेला मेल, हवी ती तारीख घालून, आत सरकवता येतो. मला येतो, तुम्हालाही तासाभरात येईल. तेव्हा ‘माझ्या इनबॉक्समध्ये आहे’ हा पुरावा नव्हे, आणि स्क्रीनशॉट तर त्याहून नव्हे.

उरली ती सही. दादाला म्हटलं, फॉरवर्ड करू नको. फॉरवर्ड केलं की नवा मेल होतो, जुनी सही जाते. कॉम्प्युटरवर बस, मेल उघड, तीन टिंबं दाब, ‘ओरिजिनल दाखवा’ कर, आणि डाउनलोड केलेली फाइल जशी आहे तशी अटॅच करून पाठव. त्याने तालुक्याच्या ठिकाणी सेतूवाल्या पोराकडे जाऊन ते केलं. रात्री फाइल आली. मी पायथनमधलं ‘डीकेआयएमपाय’ घेतलं आणि चालवलं. त्यात डोमेन कंपनीचंच. सिलेक्टर ‘डिफॉल्ट’, म्हणजे होस्टिंगवाल्याने जे दिलं तेच ठेवलेलं. ‘एल’ रकाना नाही. डीएनएसमध्ये किल्ली होती. सिग्नेचर ओके.

खात्री म्हणून फाइलची नक्कल काढून बाराचे दहा केले आणि परत चालवलं. बॉडी हॅश जुळत नाही म्हणून फेल. परत बारा. पास. हे मी चार-पाच वेळा केलं. गरज नव्हती, पण छान वाटत होतं.

त्या रात्री अजून एक काम केलं आणि तेच महत्त्वाचं ठरलं. डीएनएसमधली ती जाहीर किल्ली उतरवून ठेवली. नुसती मी नाही. दोन मित्रांना, एक बंगळुरूत, एक नाशिकला, त्यांच्या मशीनवरून तीच किल्ली काढून तारखेसकट मला मेल करायला लावलं. कारण किल्ली हे काही शिलालेख नव्हे. कंपनीने होस्टिंग बदललं, किंवा शहाणपणाने किल्ली फिरवली, की जुनी डीएनएसमधून जाते, आणि मग तुमच्याकडे सही असते पण ती ताडायला काही नसतं. मोठ्या डोमेनांच्या जुन्या किल्ल्या कुणी ना कुणी जपून ठेवलेल्या असतात. २०१६ मध्ये विकिलीक्सने पोडेस्टांचे मेल काढले तेव्हा त्यातल्या बऱ्याच मेलांच्या सह्या लोकांनी घरबसल्या तपासल्या, आणि हंटर बायडनच्या लॅपटॉपमधल्या २०१५ च्या एका मेलची सही २०२० मध्ये, पाच वर्षांनी, गूगलच्या जुन्या किल्लीने पास झाली. पण सोयाबीन घेणाऱ्या कंपनीची किल्ली कोण जपणार?

मग वकील. वकीलसाहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्रेसष्टचं सर्टिफिकेट देता का?”

हे त्रेसष्ट म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन हा आला. जुन्या कायद्यात हेच ६५ब होतं, आणि त्यावरचा गाजलेला निकाल आपल्या मराठवाड्यातलाच आहे, हे मला त्या वेळी कळलं. २०१४ ची जालन्याची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर दाखल झाला, आणि निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यात ते दिसतंय. पण चित्रीकरणासोबत लागणारं ६५ब चं प्रमाणपत्र मागूनही अधिकारी देईनात. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला तो निकाल कायम ठेवताना सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्र बंधनकारकच आहे, मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते देणं ज्याच्या हाती आहे तो देत नसेल, तर त्याची शिक्षा पक्षकाराला नको.

इंजिनियरच्या डोक्याला हे विचित्र वाटतं. माझ्याकडे गणित आहे, आणि कोर्ट म्हणतं, एका माणसाने सही करून लिहून द्यावं की हा संगणक नीट चालत होता. पण नव्या कायद्यात एक चांगली गोष्ट आलीय. प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता फाइलचा हॅश लिहायचा असतो, एसएचए-२५६ वगैरे, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. दळण आणि पीठ कायद्यात आलं, पण डीकेआयएमच्या सहीसाठी वेगळा रकाना काही नाही.

आणि खरं सांगू? कायद्याला ह्या सहीची मर्यादा आमच्यापेक्षा आधी कळली होती. जुन्या कायद्यात ८८अ नावाचं कलम होतं, नव्यात ते ९० आहे. ते म्हणतं की सर्व्हरमार्फत आलेला मेल म्हणजे पाठवणाऱ्याच्या संगणकात जो टाकला गेला तोच, असं कोर्ट गृहीत धरू शकतं, पण तो कुणी पाठवला ह्याबद्दल काहीही गृहीत धरायचं नाही. हे डीकेआयएमचं वर्णन म्हणून खपलं असतं. सही डोमेनची असते, माणसाची नाही. साहेब चहाला गेले आणि शिपायाने मेल टाकला तरी सही पास.

हा फरक समजायला आपला सातबारा बघा. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्यावरची सही तलाठ्याची, म्हणजे एका माणसाच्या नावाने दिलेल्या प्रमाणपत्राची. त्या प्रमाणपत्राची साखळी वर थेट केंद्र सरकारच्या नियंत्रकापर्यंत जाते. २००० च्या आयटी कायद्याने मान्यता दिली ती ह्या प्रकारच्या सहीला. (पीडीएफ उघडल्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि बँकवाला म्हणतो ‘साहेब, हा चालत नाही’, तो प्रकार निराळा. सही चांगलीच असते, आपल्या कॉम्प्युटरने नियंत्रकाला ओळखलेलं नसतं, एवढंच.) मेलवरही अशी माणसाची सही करता येते. पीजीपी १९९१ पासून आहे. पण मी नोकरीला लागल्यापासून पीजीपीने सही केलेले मेल मला आले असतील ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले दोन माझेच मला.

मेल खरा, पण माणूस खरा का? ह्या प्रश्नाचं सगळ्यात जड रूप महाराष्ट्रातच आहे. एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन ह्यांना जून २०१८ मध्ये अटक झाली, त्यांच्या लॅपटॉपमधली पत्रं हा मुख्य पुरावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ ह्या अमेरिकी फॉरेन्सिक कंपनीचा बचाव पक्षाने मागवलेला अहवाल बाहेर आला. त्यात म्हटलं होतं की १३ जून २०१६ ला वरवरा राव ह्यांच्या ईमेल खात्यावरून कुणीतरी पाठवलेल्या मेलमधली फाइल उघडली गेली, नेटवायर नावाचं मालवेअर आत आलं, आणि पुढे बावीस महिने कुणीतरी दुरून त्या लॅपटॉपमध्ये वावरत होतं, पत्रंही त्यानेच आत ठेवली. तपास यंत्रणेने हे मान्य केलेलं नाही, प्रकरण कोर्टात आहे, आणि त्यातलं खरंखोटं ठरवायला मी बसलेलो नाही. पण तांत्रिक मुद्दा बघा. खातं जर खरोखर ओळखीच्या माणसाचं असेल आणि आत भलताच बसला असेल, तर सही पास होणार. सगळी हिरवी टिकमार्कं. आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्ये ‘प्रेषक तपासा’ एवढंच शिकवतात. प्रेषक तपासून ह्यात काहीही कळलं नसतं.

आता थोडा उलटा विचार. मॅथ्यू ग्रीन नावाचे क्रिप्टोग्राफीचे प्राध्यापक आहेत, जॉन्स हॉपकिन्सला. त्यांनी नोव्हेंबर २०२०मध्ये गूगलला जाहीर विनंती केली की तुमच्या वापरून झालेल्या डीकेआयएमच्या गुप्त किल्ल्या छापून टाका! म्हणणं असं, की ही सही बनवली स्पॅम रोखायला. मेल पोचला, तपासला, काम संपलं. पण ती सही वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि त्यामुळे चोरलेला प्रत्येक मेल आपोआप ‘प्रमाणित’ होतो. ब्लॅकमेल करणाऱ्याला गूगलचाच शिक्का फुकट मिळतो. किल्ली फोडून टाकली तर जुना मेल कुणीही बनवू शकेल, आणि मग ‘हा माझा नव्हे’ म्हणायची सोय तुम्हाला राहील. २००४ मध्ये बोरिसोव, गोल्डबर्ग आणि ब्रूअर ह्या तिघांनी चॅटसाठी नेमकं हेच केलं होतं. समोरच्याला खात्री पटेल, तिसऱ्याला दाखवून उपयोग नाही, असं बोलणं. सिग्नल त्याच वाटेने गेलं, आणि व्हॉट्सअ‍ॅप सिग्नलचाच प्रोटोकॉल वापरतं.

वाचताना ग्रीन पटतात. माझ्या खासगी मेलवर कुणी शिक्का मारून ठेवावा असं मी कधी सांगितलं होतं? पण दादाची फाइल समोर असताना मात्र पटेनात. कागदपत्रं जपणारा विभाग, वकिलांची फौज, पाच पानी प्रिंट, हे सगळं कंपनीकडे होतं. दादाकडे होती ती एक सही, आणि तीसुद्धा त्यांच्याच सर्व्हरने त्यांच्या नकळत करून दिलेली. ‘नाकबूल करायची सोय’ हे ऐकायला स्वातंत्र्य वाटतं, पण व्यवहारात ती जास्त कुणाच्या कामाला येते? ज्याच्या शब्दाला आधीच वजन आहे त्याच्या. मी तरी ह्या बाबतीत ग्रीनसाहेबांच्या विरुद्ध मत देतो. निदान व्यापाराच्या मेलपुरतं.

आणि गावाकडचा बहुतेक व्यवहार होतो कशावर? व्हॉट्सअ‍ॅपवर. भाव व्हॉट्सअ‍ॅपवर, काट्याच्या पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘हाव पाठवा’ हा होकारही तिथेच. तिथे तिसऱ्याला पटेल अशी कुठली सही मागे राहत नाही. प्रोटोकॉल मुद्दामच तसा आहे. भांडण झालं तर दोन फोन समोरासमोर ठेवायचे आणि कोण जास्त मोठ्यांदा बोलतो ते बघायचं.

तर दादाचं काय झालं. वकिलांनी नोटीस पाठवली. सोबत फाइल, तिचा एसएचए-२५६, किल्लीची प्रत, आणि मी मराठीत लिहिलेलं दीड पान, की हे तुमच्याच कुणा कॉम्प्युटरवाल्याकडून तपासून घ्या, आमच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. मला वाटतं त्या शेवटच्या वाक्याचा उपयोग झाला. महिन्याभराने त्यांच्या हिशेब विभागातून फोन आला. बारा का दहा ह्यावर अवाक्षर नाही. ‘संबंध चांगले ठेवायचेत’ म्हणून ७०,००० देतो म्हणाले. मी म्हटलं, लाखाला अडून बस, गणित आपल्या बाजूने आहे. दादा म्हणाला, “गनित असू दे. तारखेला निलंग्याला चकरा मारायला गाडीत पेट्रोल कोन टाकतंय?” घेतले त्याने सत्तर. घरटी वाटून टाकले. दोघांनी अजूनही कुरकुर चालवली आहे की उरलेले तीस दादानेच खाल्ले, आणि त्यावर माझ्याकडे काही क्रिप्टोग्राफी नाही.

आता गटाचं ठरलंय की भाव आणि ओलावा मेलवरच मागायचा, आणि मेल आला की त्याच दिवशी मूळ फाइल उतरवायची. सेतूवाला पोरगा करून देतो, फाइलमागे दहा रुपये घेतो. किल्ली उतरवून घ्यायचं मात्र माझ्याकडेच आहे. त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिलीय. डोमेन आणि सिलेक्टर दिला की किल्ली काढते आणि तारखेसकट तीन वेगवेगळ्या खात्यांवर मेल करते. त्या मेलवर गूगलची सही असतेच, म्हणजे तारखेला साक्षीदार मिळतो.

ती स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवली २०२५ च्या उन्हाळ्यात, चाचणी म्हणून ह्याच कंपनीच्या डोमेनवर. उत्तर आलं की असं काही अस्तित्वात नाही. त्यांनी होस्टिंग बदललं होतं.